फुलांचा भट

"चपला भायर काड," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. समोर ग्रीनहाऊसचं दार होतं, म्हणजे दाराची नुसती लोखंडी चौकट उरली होती, आणि तिच्या पलीकडे गुडघाभर रान माजलेलं. एप्रिलची दुपार. अशा उन्हात सापसुद्धा सावली शोधतात, आणि सावली म्हणावी तर आसपास एवढी एकच होती.

"आबा, पायाक काय चावला तर?"

"दिगू काढी होतो," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या चपला काढल्या.

दिगूच्याही तिथेच होत्या. दाराच्या उजव्या अंगाला, काळ्या, रबरी, टाचा झिजलेल्या, तोंडं आतल्या बाजूला. तीन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत, एका सकाळी माझा धाकटा भाऊ त्या काढून आत गेला आणि परत बाहेर आला नाही. पोलिसांनी रान पिंजून काढलं. मागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, माणसं उतरवली, पार खाडीच्या तोंडापर्यंत होडी फिरवली. दिगूचा शर्टाचा तुकडादेखील कुठे मिळाला नाही. चपला मात्र राहिल्या, आणि आबांनी त्यांना कोणाला हात लावू दिला नाही. पावसाळ्यात ते त्यांच्यावर एक फळी आडवी टाकून ठेवत.

मी कोल्हापूरहून आले होते ती भांडायला. तिथल्या एका इस्पितळात मी नर्स आहे आणि माणूस गेला की गेला म्हणायची मला सवय आहे. आमच्याकडे असा माणूस हरवला, अंत्यसंस्काराला देहच नसला, की घरच्यांच्या संमतीने दर्भाचा पुतळा करतात, त्याला रीतसर अग्नी देतात आणि मग तो माणूस गेला असं धरतात. भटजी परवाच्या दिवशी यायला तयार होते. काका तयार होते, दिगूच्या बायकोचा भाऊही तयार होता. एकटे आबा, आमचे वडील, नाही म्हणत होते. आणि ते नाही म्हणत होते तोवर हेमा, माझी भावजय, ना धड सवाष्ण होती ना धड विधवा. तिशीसुद्धा उलटली नव्हती तिची. तिला कोणी हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावरून शेजारणींमध्ये वाद व्हायचे. मला ती मोकळी झालेली बघायची होती. सकाळपासून मी आबांशी तोंड वाजवलं होतं, आणि ते सगळं ऐकून घेऊन शेवटी एवढंच म्हणाले होते की, पयली माझ्यावांगडा चल, मगे काय ता बोल.

मी चपला काढल्या.

आत शिरताच पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आवाज बंद झाला. बाहेर कुत्र्या-कावळ्यांचा, दूरच्या रस्त्यावरच्या टेम्पोचा आवाज येत होता. तो चौकटीच्या बाहेरच थांबला. वरची हिरवी जाळी जागोजागी फाटून लोंबत होती, तिच्यावर वर्षावर्षाचा पाचोळा साठून काळे ढीग झाले होते, आणि त्यांतून येणारा उजेड हिरवट, तळ्याच्या पाण्यात डोळे उघडल्यावर दिसतो तसा. पाण्याच्या नळ्या तुटून खाली आल्या होत्या. लोखंडी खांबांवर मिरवेल चढली होती, खाली नेच्याचं रान. आणि या सगळ्यातून, दिगूने आधाराला लावलेल्या झाडांवरून, व्हॅनिलाचे वेल. जाड, मांसल. कोणी छाटले नव्हते, वाकवले नव्हते. एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून खाली जमिनीवर आणि पुन्हा वर, असे ते हवे तिथे गेले होते.

"बघून चल," आबा म्हणाले. आबांच्या हातांना कंप होता. सदऱ्याची बटणं त्यांना हेमा लावून द्यायची. ती चहा अर्धा पेलाच भरायची, तरी तो पोटात कमी आणि धोतरावर जास्त जायचा. तोच थरथरता हात त्यांनी एका वेलाकडे केला. "आता सांग, ह्यां काय असा?"

शेंगा होत्या. हिरव्या, बोटाएवढ्या, घोसाने लोंबलेल्या.

मी पुढे होऊन पुन्हा बघितलं. ज्याला हे पीक माहीत नाही त्याला यात काय एवढं, असं वाटेल. वेलाला शेंगा नाही लागणार तर काय लागणार? पण व्हॅनिलाला आपल्याकडे शेंग लागत नाही, कोणीतरी लावावी लागते. हा वेल परमुलखातला. त्याच्या फुलात बी धरवणारी माशी आपल्याकडे नाहीच. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. तेवढ्या वेळात माणसाने प्रत्येक फुलाशी जाऊन, ओठासारखी पुढे आलेली पाकळी एका बाजूने फाडायची, आतला पातळ पडदा काडीने वर करायचा आणि पराग अंगठ्याने दाबून बसवायचे. हे केलं तर फूल देठाला धरून राहतं आणि सुकलं तरी शेंगेच्या टोकाला चिकटलेलं असतं. नाही केलं तर गळून खाली पडतं.

दिगू हे काम केरळात राहून शिकून आला होता. गावात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं, आणि यावं असं कोणाला वाटतही नव्हतं, कारण सगळ्यांना त्याची चेष्टा करायची होती. नवरा-नवरीची गाठ घालतो म्हणून त्याला 'फुलांचो भट' म्हणत. दिगू तसा गुलाम, खट्याळ. त्याने ते मनाला लावून घ्यायचं सोडून खरंच प्रत्येक फूल झालं की खालच्या आवाजात "सावधान" म्हणायला सुरुवात केली. एकदा मला हौस म्हणून शिकवायला बसला. मी एक फूल फाडलं तर हसायला लागला.

"उलट्या बाजून फाडलंस गो!"

"उलटा तुझा. तू डावरो."

तो डावखुरा होता. शाळेत मास्तरांनी हातावर छड्या मारमारून लिहायला उजवा हात लावला, पण बाकी सगळं डाव्यानेच. त्याची फुलं डाव्या अंगाने फाटलेली असत, माझं उजव्या. काडी म्हणजे माडाच्या पातीचा हीर, तो दिगू डाव्या कानावर खोचून ठेवायचा.

"आता खाली बघ," आबा म्हणाले.

मी बघितलं. खाली पाचोळा होता, नेचे होते, मुंग्यांची रांग होती. गळालेलं फूल एकही नव्हतं.

"सगळी धरलीत," आबा म्हणाले. "दर वर्सा अशीच धरतत. आता तूच सांग माका, कोणाचो हात असा ह्यो?"

"तुमचा म्हणणा काय, तो जितो असा?"

"तो येता," आबा म्हणाले. "एवढाच माका ठावक."

आम्ही बाहेर आलो, चपला घातल्या. खरं सांगते, माझ्या मनात भीतीपेक्षा संताप जास्त होता. जिवंत असेल आणि गुपचूप येऊन फुलं धरवून जात असेल, बायको अर्धमेली आणि बाप खुळा होईपर्यंत तमाशा बघत असेल, तर मी त्याला त्याच जाळीत उलटा टांगणार होते.

संध्याकाळी हेमाने जेवण वाढलं तेव्हा माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटावर लाल पुरळ उठलं होतं.

"ह्यां काय गो?"

"काजी," ती म्हणाली. "डीक लागता." काजूचे दिवस होते, गावात निम्म्या बायांचे हात तसेच असतात. मी मलम लावायला सांगितलं आणि विसरले. ताट उचलताना तिने विचारलं, "आबा हो म्हणाले?"

"नाय अजून."

तिने मान हलवली आणि आत गेली. तिचं कुंकू त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठं वाटलं मला, की मीच तिच्याकडे जरा जास्त बघत होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी उठले, कोणाला न सांगता ग्रीनहाऊसकडे गेले. चपला मात्र काढल्या, मला कोणी सांगितलं नव्हतं तरी. आत मधोमध एक सिमेंटची टाकी होती, तडा गेलेली, कोरडी. तिच्या आडोशाला बसले. उजेड हळूहळू खाली उतरला तशी फुलं दिसू लागली. फिक्कट, पिवळसर हिरवी, ओलसर. किती तरी. रात्रीत उमलली होती.

मग दाराशी पाऊल वाजलं.

मी टाकीआड आणखी खाली वाकले. कोणीतरी चपला काढल्या. नेच्यांची पानं सळसळली. साडीचा पदर खोचलेली एक बाई पहिल्या वेलापाशी थांबली, तिने केसातली पिन काढली, डाव्या हातात फूल धरलं आणि उजव्याने कामाला लागली.

हेमा होती.

मी उठून उभी राहिले तशी ती किंचाळली आणि पिन तिच्या हातातून पडली.

"तूच गो करतंस ह्यां?"

ती छातीवर हात ठेवून उभी राहिली, मग खाली वाकून पाचोळ्यात पिन शोधायला लागली. मला राग येत होता आणि तिची दयाही येत होती. तिच्यासोबत मीही खाली बसून पिन शोधू लागले.

"पयल्या वर्सा फुला नुसती गळान पडली, ताई," ती खाली बघतच म्हणाली. "आबा रोज सकाळी येत, पडलेली फुला बघीत आणि घराक येवन न जेवता निजत. अंगाची काडी झाली त्यांच्या. मगे मी थोडी केलंय. ह्यांचा बघून बघून माका येय होता. म्हयन्यान शेंगो दिसल्यो. त्या दिसा आबा पेज जेवले."

"आणि मगे?"

"मगे सोडूक येयना. सोडलंय तर परत निजतले." तिला पिन सापडली. ती तिने पदराला पुसली. "रोज पहाटे उठान येतंय. घरात कोणाक कळूचा नाय म्हणान आल्यावर न्हातंय. बोटांका लागता तो ह्या वेलाचो चीक, काजीचो डीक नाय. ताई, ते नाय येवचे. माका ठावक असा. ते असते तर माका एकदा तरी हाक मारल्यानी असती."

"मगे तुका काय होया?"

तिने पिन परत एकदा पुसली. मग म्हणाली, "वेंगुर्ल्याक एक मास्तर असत. त्यांची बायको वारली. माझ्या भावाच्या ओळखीचे. काजी घेवक म्हणान इले होते. अडीच किलो काजी घेवन गेले, मेल्यांच्या घरात खावक कोण नाय तरी." ती हसली, आणि मी तिला तीन वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं. "माका बरे वाटले ते. ताई, माका आता सुटूचा असा. मी दमलंय."

"मगे आबांका सांग."

"तुम्ही सांगा."

"नाय. तूच सांग. माझा ते ऐकूचे नाय, तुझा ऐकतले."

तिने मान डोलावली. पिन पुन्हा केसात खोचली. त्या दिवशीची फुलं तिने एक-दोनच केली होती, पण ती परत वळली नाही. जाता जाता मी सहज विचारलं, कारण टाकीच्या पलीकडेही ओळीच्या ओळी दिसत होत्या आणि तिथल्या वेलांनाही शेंगा होत्या.

"एवढी सगळी फुला तू एकटी करतंस?"

"नाय गो! माझी टाकीपर्यंतच. मागची आबा करतत."

"आबा?"

"माका बघून शिकले असतले. मी कधी त्यांका करताना बघूक नाय, पण दुसरा कोण करतला?" ती म्हणाली आणि दाराकडे निघून गेली.

मी तिथेच उभी राहिले. मला काल सकाळचा चहा आठवला. अर्धा पेला, तोही धोतरावर. ज्या माणसाला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, तो माणूस फुलातला कागदाहून पातळ पडदा काडीने वर करणार?

परत फिरले असते तर बरं झालं असतं. पण मी टाकीला वळसा घालून मागे गेले.

तिकडे वेल इतके दाट होते की ते हाताने बाजूला करून शिरावं लागलं. तोंडावर कोळ्याचं जाळं आलं. ते पुसलं, पुढे दुसरं. मग आणखी. नेचे छातीपर्यंत वाढलेले आणि त्यांचं एकही पान मोडलेलं नव्हतं, पायवाट तर दूरच. या बाजूला कोणी माणूस आलेला नाही, हे मला दिसत होतं. कित्येक महिन्यांत आलेला नाही. आणि तरी समोर शेंगांचे घोस लोंबत होते, खाली एकही फूल पडलेलं नव्हतं.

मी जवळ जाऊन एक शेंग हातात घेतली. टोकाला सुकलेलं फूल चिकटलेलं होतं. त्याचा ओठ डाव्या अंगाने फाटलेला होता.

दुसरी बघितली. डाव्या अंगाने. तिसरी. मग मी नुसती बघत गेले, एकामागून एक. सगळी डावरी होती.

त्या दिवशी उमललेल्या फुलांवर अजून दंव होतं. त्यांतलं एक मी वर केलं. ओठ ताजा फाटलेला, फाटल्या जागी पाणी सुटलेलं. शेजारच्या झाडाच्या खोडात एक हीर खोचलेला होता. मी तो उपसला. टोकाला पिवळे पराग होते आणि ते ओले होते. मी आणि हेमा टाकीच्या अलीकडे बसून पिन शोधत होतो, तेव्हा इथे काम चाललं होतं.

"दिगू?" मी म्हटलं.

काही हललं नाही. वारा नव्हता. मग माझ्यापासून दोन-तीन वेल पलीकडे एक फूल किंचित खाली वाकलं, बोटात धरल्यावर वाकावं तसं, आणि परत वर आलं.

"सावधान," कोणीतरी खालच्या आवाजात म्हणालं.

मी पळाले. नर्स असले म्हणून काय झालं. कोळ्यांची जाळी तोंडाला गुंडाळत, नेचे तुडवत, टाकीला ढोपर फोडून घेत मी चौकटीबाहेर आले आणि चपला न घालता घरापर्यंत गेले. वाटेत दोनदा थांबून श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा थांबले तेव्हा माझं ठरलं होतं. हे हेमाला सांगायचं नाही. तिला सांगितलं तर ती वेंगुर्ल्याच्या मास्तरांना विसरेल, दाराशी बसेल आणि म्हातारी होईपर्यंत पहाटे उठून त्या जाळीत जाईल. तिने नुकतंच कुठे मला सांगितलं होतं की, मी दमलंय. दिगू माझ्या पाठचा भाऊ, माझ्या कडेवर वाढलेला. तरी मी त्या वेळी हेमाच्या बाजूने उभी राहिले, आणि याचं मला आजही वाईट वाटत नाही.

घरी पोचले तेव्हा हेमा आबांसमोर बसली होती. तिचं सांगून झालं होतं. पिनेचं, पुरळाचं, पेजेचं, आणि मास्तरांचंही. ती रडत नव्हती. आबा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या उघड्या पायांकडे, केसांत अडकलेल्या जाळ्यांकडे.

"तू मागे जावन इलंस?"

"हो."

"बघलंस?"

"बघलंय."

हेमाला वाटलं, मागच्या ओळी आबांनी केल्या हे मी बघून आले, तेवढंच ते विचारतायत. ती त्यांच्या पायाशी सरकली आणि म्हणाली, "आबा, तुमका दुखवूक नाय बोलूक मी."

आबांनी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला. तो तिथेही थरथरतच राहिला. ते अंगणातल्या माडाकडे बघत होते. मला वाटलं, पुन्हा नाही म्हणतील. माझ्या मनात कुठेतरी, त्यांनी नाही म्हणावं असंही होतं.

"बोलवा भटाक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्हाळाच्या काठी विधी झाला. भटजींनी दर्भाचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. उंची विचारली, तर आबांनी हात वर करून दाखवली आणि तो खाली घ्यायला विसरले. अग्नी त्यांनीच दिला. पेटती चूड धरवत नव्हती म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. दर्भ सुका, भुर्रकन पेटला, संपला. घरी आल्यावर काकू आणि दोघी-तिघी जणी हेमाला आत घेऊन जायला उठल्या, तेव्हा आबा दारात आडवे उभे राहिले.

"तिच्या कपाळाक कोणी हात लावलात तर बघा," ते म्हणाले. "काय काढूचा, काय ठेवूचा, ता तिचा ती ठरवतली."

काकू पुटपुटत बसल्या. हेमाने मंगळसूत्र त्या रात्री स्वतःच काढून देवापुढे ठेवलं.

तिचं पुढे सगळं बरं झालं. मास्तरांशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. दर मे महिन्यात ती मला काजूगर पाठवते आणि वर फोन करून पोचले का विचारते. मागच्या ओळींची गोष्ट तिला अजून माहीत नाही. आता इतक्या वर्षांनी लिहून काढते आहे, तर कधीतरी तिच्या वाचनात येईलही. येवो. आता ती दारात बसून राहणारी बाई नाही.

विधीनंतर दोन दिवसांनी मला कोल्हापूरला परतायचं होतं. सकाळी उठले तर आबा घरात नव्हते. कुठे गेले असतील हे विचारायची गरज नव्हती. ग्रीनहाऊसच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या, दिगूच्या चपलांशेजारी. मी माझ्या काढल्या.

टाकीच्या अलीकडे हेमाच्या ओळींखाली फुलं पडली होती. ते अपेक्षितच होतं, ती आली नव्हती. मी टाकीला वळसा घातला. आबा नेच्यांमध्ये खाली जमिनीवर बसले होते, आणि त्यांच्या भोवती, मागच्या सगळ्या ओळींखाली, शेवटच्या खांबापर्यंत, फुलंच फुलं. गळालेली, पिवळी पडलेली. मी एक उचललं. ओठ अखंड होता.

"पडली," आबा म्हणाले.

मी त्यांच्याजवळ बसले. आत कुठे तरी एक पक्षी बोलत होता. त्या जाळीत पक्ष्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आबा, तुमका मागच्या ओळींचा ठावक होता?"

"पयल्यो शेंगो इल्यो तेव्हाच. फुडची उजव्या हाताची, ती हेमाची, ता मी वळाकलंय. ती माझ्यासाठी करी होती, म्हणान बोललंय नाय. मागची डाव्याची." ते एक फूल बोटांत फिरवायला गेले, पण ते त्यांच्या हातातून पडलं. "आणि कोळ्यांची जाळी तशीच, एक मोडूक नाय. जितो माणूस जाळी मोडल्याबिगर खंय जाता? तेव्हाच माका कळला, आपलो दिगू गेलो."

मी त्यांच्याकडे बघितलं. तीन वर्षं सगळं गाव म्हणत होतं, म्हाताऱ्याला वाटतं मुलगा जिवंत आहे. मीही तेच म्हणत होते.

"ठावक होता, तर विधी करूक कित्याक देय नव्हतात?"

"केलो असतो तर तो गेलो असतो ना गो," आबा म्हणाले. "रोज येय होतो. माका दिसा नाय, पण मी टाकीपाशी येवन बसलंय की कामाचो आवाज येय होतो. तुझी आये गेल्यावर माझ्यावांगडा कोण बसा होता?" त्यांनी धोतराने डोळे पुसले, उघडपणे, लहान मुलासारखे. "पण हेमा म्हणाली, दमलंय. मगे दिगूक काय सांगू, तू रव आणि तिका मरू दी? तसो नव्हतो तो. त्याका पटला असतला."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. नेच्यांमधून, फुलांवर पाय पडू न देता, आम्ही हळूहळू बाहेर आलो. मी माझ्या चपला घातल्या, आबांच्या त्यांच्या पायांसमोर सरकवल्या. ते त्यात पाय घालायच्याऐवजी खाली बसले. थरथरत्या दोन्ही हातांनी त्यांनी दिगूच्या चपला उचलल्या, एकीवर एक आपटून तीन वर्षांची धूळ झटकली, आणि त्या फिरवून ठेवल्या. तोंडं बाहेरच्या वाटेकडे.

"घाल," ते चौकटीच्या आत बघून म्हणाले. "ऊन वाढता."